गार पाण्यातला कर्णधार

१

गेतां सुबिराक बर्फाच्या टाकीत बसलेला सापडला, तेव्हा मोंबरेलच्या मैदानावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मान पुढे झुकलेली, नाकातोंडावरून पाणी. बर्फ केव्हाच विरघळून गेला होता. स्टँडखालच्या त्या कोंदट खोलीत नळाचं एकसारखं थेंब थेंब गळणं सोडलं, तर कसलाच आवाज नव्हता.

ओदील लारिए टाकीपाशी उकिडवी बसली. मोंबरेलच्या पोलीस ठाण्याची ती प्रमुख. तिनं प्रेतं याआधीही पाहिली होती. पण या माणसाला तिनं मागच्या शुक्रवारीच समोरच्या तिघांना अंगावर घेऊन उभं राहिलेलं पाहिलं होतं. तो गावच्या रग्बी संघाचा कर्णधार होता. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटतात, त्यातल्या पहिल्या फळीतला मधला गडी. सगळा रेटा ज्याच्या मानेवर येतो तो.

"हृदय," संघाच्या डॉक्टर मोनिक वालाद दारातूनच म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "सुट्टीच्या दिवशी एकटाच येऊन गार पाण्यात बसायचा. हजारदा सांगितलं, बाबा, एकट्यानं नको. शुद्ध हरपली असणार."

"काल सुट्टी होती?"

"सोमवार ना. मैदान बंद. किल्ल्या चौघांकडेच. मी, सेर्झ, गेतां आणि हा लोइक."

लोइक पेराल भिंतीला टेकला होता. गेतांच्या जागेवरचा राखीव गडी. सकाळी व्यायामाला आला आणि प्रेत त्यालाच दिसलं. त्याच्यामागे दारात दाढीवाला झुराब उभा होता, जॉर्जियाहून आलेला, फळीत गेतांच्या उजव्या हाताला खेळणारा. तो मैदानाला लागूनच, संघाच्या खोलीत राहायचा. मागचा दरवाजा त्याला कधी बंद नसायचा.

आणि बाकावर, हातात टोपी धरून, प्रशिक्षक सेर्झ कास्तेल बसला होता. एके काळचा फळीतला गडी. साठीला आला तरी खांदे दरवाजाएवढे. गेतांला सोळाव्या वर्षी शेतातून उचलून आणलं ते त्यानंच.

"काल दुपारी वार्ताहरांना छातीठोकपणे सांगितलं मी," तो टोपीशीच बोलावं तसा बोलला. "शुक्रवारी गेतां खेळणार म्हणून. शुक्रवारी सगळं ठरायचंय, पोरी. हरलो तर दुसरा विभाग संपला. खाली गेलेला संघ या भागात पुन्हा वर आलेला मी पाहिलेला नाही."

ओदीलला ते कुणी सांगायला नको होतं. ऑगस्टमध्ये संघ वरच्या चारात होता. मग पावसाळी हिवाळ्यात एकामागून एक सामने हातचे गेले. दर सामन्यात कुणी ना कुणी लंगडत बाहेर आला, आणि मोंबरेल घसरत घसरत तळाला येऊन टेकलं. मे महिना आला, तसं बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, दवाखान्यात लोक दुसरं काही बोलेनात.

तिनं हातमोजा घालून गेतांचे ओले केस बाजूला केले. कपाळावरून कानांच्या वरून मागे जाणारी एक चिकट रेघ बोटाला लागली. पट्टी ओढून काढताना केसही उपटले गेले होते. ती जागा लाल होती.

फळीतले गडी रेटारेटीत कान फाटू नयेत म्हणून डोक्याला चिकटपट्टी गुंडाळतात. हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत.

पण नुसतं पाण्यात बसायला आलेला माणूस कान कशाला बांधेल?

दुपारी जिल्ह्याच्या रुग्णालयातून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

"हृदय ठणठणीत होतं," ते म्हणाले. "मेंदूत दोन रक्तस्राव आहेत. एक तीनचार दिवसांपूर्वीचा. दुसरा ताजा, मरणाच्या थोडा आधीचा. तेवढ्यानं माणूस लाकडासारखा पडतो."

"म्हणजे टाकीत बसल्यावर पडला?"

"नाही. बेशुद्ध माणूस एवढ्या उंच टाकीत चढेल कसा? त्याला कुणीतरी उचलून आत ठेवलंय, बाई." फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि ठेवलं तेव्हा तो श्वास घेत होता. फुप्फुसं पाण्यानं भरली आहेत."

२

गेतांची बायको सोलेन समुद्रकाठच्या माहेराहून संध्याकाळी परतली. तान्ही मुलगी कडेवर होती. स्वयंपाकघरात रविवारचं सूप तसंच भांड्यात होतं, वर चरबीचा पांढरा थर धरलेला.

"आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "शनिवारी सकाळी त्यानं कॉफीत मीठ घातलं आणि गटागटा प्यायला. मी हसले. मग त्यानं बाळाला हाक मारली, माझ्या नावानं. परत परत. मी म्हटलं, तू आता खेळणार नाहीस. तर म्हणतो, एक सामना राहिलाय सोलेन, एकच. मी बाळाला घेतलं आणि निघून गेले. वाटलं, घाबरेल. ऐकेल."

"सोमवारी फोन आला त्याचा?"

"नाही. वाटलं, रुसलाय." तिनं बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. "शुक्रवारच्या सामन्यात डोकं आपटलं होतं. पण आत नेऊन तपासलं ना त्याला! तपासणीत पास झाला. मग सगळे म्हणाले, काही नाही झालेलं."

"सगळे?"

"झुराब सोडून."

झुराब ओदीलला मैदानाच्या कडेला भेटला. गावात कुजबूज सुरू झालीच होती: शुक्रवारी सामन्यानंतर झुराबनं गेतांची कॉलर धरली, त्याला भिंतीवर दाबलं, ओरडला. एकशे दहा किलोच्या गड्याला एकट्यानं उचलून टाकीत ठेवायचं तर झुराबसारखाच कुणी लागेल, असं बेकरीवालीसुद्धा म्हणत होती.

"हो, धरली कॉलर," झुराब म्हणाला. इतकी वर्षं राहूनही इथली भाषा त्याच्या तोंडात दगडासारखीच होती. "मी म्हटलं, तुझं डोकं फुटलं. तू घरी जा. तो मला म्हणतो, गप्प बस, पास्काल."

"पास्काल कोण?"

"पास्काल माझ्या जागेवर खेळायचा. मी आलो त्याच्या आधी. पास्काल सहा वर्षं झाली, इथे नाही." झुराबनं स्वतःच्या जाड बोटानं कपाळावर टकटक केलं. "त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला पास्काल दिसला. मला भीती वाटली, मॅडम. मी मोठा माणूस आहे, पण मला भीती वाटली."

"कुणाला सांगितलंस?"

"सोलेनला. आणि सेर्झला. सेर्झ म्हणाला, तू तुझा खांदा सांभाळ, डोकी मी सांभाळतो."

मैदानापलीकडे डोंगरावर ढग उतरत होते. झुराब जायला निघाला आणि थांबला.

"सोमवारी दुपारी मी झोपलो होतो. आवाज आला. आपण स्क्रममध्ये भिडतो ना, तसा. हाड-हाड. एकदाच. मला वाटलं, स्वप्न."

३

लोइक पेराल आईवडिलांच्या घरी माजघरात बसला होता. पुढ्यात ताट, पण घास उतरत नव्हता. आई दारात घुटमळत होती. ओदीलनं बघितल्यावर ती आत गेली.

"मला माहितीय सगळे काय म्हणतात," ओदीलनं तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. "गेतां मेला आणि याला जागा मिळाली. किल्ली याच्याकडे. प्रेत यालाच सापडलं. मॅडम, हा सबंध हंगाम मी बाकावर बसून काढला. त्याच्यावर जळलो. खोटं कशाला बोलू? एकदा तर मनात आलं, मोडू दे याचा पाय. पण असं नाही. असं नाही हो!"

"शनिवारी त्याचं डोकं ठीक नव्हतं, हे तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग कुणाला का नाही सांगितलंस?"

त्यानं मान खाली घातली. "चुगली केली असती तर जागा मिळाली असती, पण फळीत कुणी माझ्या खांद्याला खांदा लावला नसता."

ओदील उठली. तिच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. ज्याला गेतांची जागा हवी होती, त्याला खून करायची गरजच नव्हती. खरं सांगितलं असतं तरी काम झालं असतं.

"शुक्रवारी तू खेळणार हे तुला कधी कळलं?" तिनं जाता जाता विचारलं.

"सोमवारी संध्याकाळी. सेर्झचा फोन आला. म्हणाला, कडेच्या रेषेवरून चेंडू फेकायच्या सगळ्या खुणा पाठ कर, तू सुरुवातीपासून आहेस."

ओदीलचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"सोमवारी? नक्की? मंगळवारी सकाळी नव्हे?"

"सोमवारीच. आईनं आनंदानं केक करायला घेतला. विचारा तिला." मग आपण काय बोललो ते लोइकच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

डॉक्टर मोनिक वालाद दवाखाना बंद करून आतच बसल्या होत्या. दिवा लावलेला नव्हता.

"मला विचारायचंय ते शुक्रवारच्या तपासणीबद्दल," ओदील म्हणाली.

"मी नियमानं केली. डोक्याला मार लागला की गड्याला आत न्यायचं, प्रश्न विचारायचे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? शेवटचे गुण कुणी केले? सगळी उत्तरं बरोबर दिली त्यानं. एकही चुकलं नाही."

"आणि घरी जाऊन कॉफीत मीठ घातलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "मला माहीत नव्हतं."

"आठवून सांगा. तो उत्तरं कशी देत होता? पटकन?"

"नाही... थांबून थांबून. माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता. मला वाटलं, आठवतोय."

"त्या भिंतीपाशी कुणी उभं होतं?"

बाहेरून एक गाडी गेली. तिच्या दिव्यांचा पट्टा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून सरकला. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"अरे देवा," त्या पुटपुटल्या. "सेर्झ."

४

बुधवारी ओदीलच्या वरच्या साहेबांचा फोन आला. शुक्रवारपर्यंत थांबता आलं तर बघ, ते म्हणाले. सगळा जिल्हा या सामन्याकडे डोळे लावून बसलाय. ओदील "बघते" म्हणाली आणि सरळ मैदानावर गेली.

सेर्झची खोली स्टँडखाली होती. खिडकीबाहेर पोरं लोखंडी यंत्राला खांदे लावून रेटत होती. कुणीतरी ओरडायचं, "वाका... धरा... रेटा!" मग यंत्र कण्हायचं.

तिच्या वडिलांच्या शवपेटीला ज्या सहा जणांनी खांदा दिला होता, त्यातला एक सेर्झ होता. तिच्या भावाला त्यानंच खेळ शिकवला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि तिला वाटलं, आपण याच्या घरात चोरी करायला आलोय.

"झुराबला धरलंस का?" त्यानं विचारलं. "गावात बोलतायत."

"झुराब शुक्रवारपासून ओरडून सांगतोय की गेतांचं डोकं फुटलंय. ज्याला ते सगळ्यांना कळायला हवंय, तो ते पाण्यात कशाला लपवेल?"

"मग लोइक?"

"लोइकला तर खरं बाहेर येण्यात फायदाच होता."

"डॉक्टर, मग. तिनंच त्याला पास केला. नाव जाईल तिचं."

"हो. कारण तिच्याकडे आहे, तेही मोठं आहे. पण सेर्झ, डॉक्टर माणसाच्या मानेवर दोन बोटं ठेवते. ज्यानं गेतांला टाकीत ठेवलं, त्याला जिवंत माणूस आणि मेलेला माणूस यातला फरक कळला नाही."

सेर्झच्या हातातलं पेन थांबलं. पण त्यानं वर पाहिलं नाही. ती काय बोलून गेली ते त्याच्यापर्यंत अजून पोचलंच नव्हतं.

"तुम्ही सोमवारी संध्याकाळी लोइकला फोन केलात. शुक्रवारी तू खेळणार म्हणून."

"केला. मग? मी विचार बदलला. गेतांला विश्रांती द्यायचं ठरवलं."

"का?"

"का म्हणजे? डोकं दुखत होतं त्याचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

बाहेर यंत्र कण्हलं. सेर्झनं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला त्याच्या डोक्याचं माहीत नव्हतं असं म्हणालात," ओदील हळूच म्हणाली, "तर तो खेळणार नाही हे सोमवारी संध्याकाळी तुम्हाला कसं कळलं? प्रेत तर मंगळवारी सापडलं. आणि माहीत होतं म्हणालात, तर दुपारी वार्ताहरांना छातीठोकपणे काय सांगितलंत? दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये काहीतरी झालं, सेर्झ. झुराबनं तो आवाज ऐकला. गेतांच्या डोक्यावर कान बांधल्याची खूण आहे. सुट्टीच्या दिवशी, बंद मैदानावर, तो कुणाशी तरी डोकं भिडवत होता. गावात अशी माणसं थोडी आहेत, की ज्यांच्या एका शब्दावर तो घरातून उठून येईल."

तो बोलला तेव्हा आवाज एखाद्या म्हाताऱ्याचा होता.

"मला खात्री करायची होती. शुक्रवारी मी त्याला उत्तरं पुरवली. ओठांनी, डॉक्टरच्या मागून. मला वाटलं, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. दुपारी वार्ताहर गेले. म्हटलं, पोराला एकदा मीच बघतो. माझ्याशी भिडला आणि टिकला, तर खेळेल. नाही तर बसवीन. शपथेवर सांगतो, बसवणार होतो."

"आणि?"

"त्यानं कान बांधले. हसला. म्हणाला, म्हाताऱ्या, जपून ये. आम्ही वाकलो, एकदाच भिडलो. तो माझ्या हातातून खाली गेला, रिकाम्या पोत्यासारखा. हाका मारल्या, गालावर मारलं. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. मी चाळीस वर्षं माणसं पडताना पाहिलीत, पोरी. वाटलं, गेला."

"रुग्णवाहिका?"

"गेलेल्याला काय करायची रुग्णवाहिका?" तो एकदम ओरडला, आणि तितक्याच एकदम खाली बसला. "म्हटलं, आता नुसता मी बुडणार नाही. चौकशी होईल, संघ बंद पडेल, हे सगळं पोरांचं... तो सोमवारी पाण्यात बसतोच. दुर्दैव म्हणतील. कुणाचा दोष नाही. पट्टी कापली, ओढून काढली. खांद्यावर टाकून नेला. फार जड लागला नाही मला. तेच वाटून गेलं, फार जड लागला नाही."

ओदीलला तिथेच थांबता आलं असतं. कबुली मिळाली होती. पण आज ना उद्या ते तो कागदावर वाचणारच होता, आणि कुणा वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं बरं, असं तिला वाटलं. बरोबर की चूक, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"सेर्झ, तो गेला नव्हता. पाणी फुप्फुसांत गेलं होतं. तुम्ही ठेवलंत तेव्हा तो श्वास घेत होता."

तो तिच्याकडे बघत नव्हता; कुठेतरी खाली, दोघांच्या मधल्या जमिनीकडे बघत होता.

"हात हलला होता त्याचा," तो म्हणाला. "पाण्यात. बोटं अशी... मला वाटलं, पाणी हलतंय."

५

सामना झाला. पोरांनीच ठरवलं खेळायचं. बुधवारी संध्याकाळी ओदील सेर्झला मागच्या दरवाजानं घेऊन गेली होती, आणि गुरुवारी बेकरीत तिला कुणी रांगेत पुढे सरकायला जागाही दिली नाही. एक म्हातारा तर तोंडावर म्हणाला, "दोन दिवस कळ निघाली नसती का?"

स्टँड भरले, पण कुणी गायलं नाही. पाऊस भुरभुरत होता. मोंबरेलनं तो सामना दात-ओठ खाऊन खेळला आणि थोडक्या गुणांनी जिंकला. संघ दुसऱ्या विभागात राहिला. शिट्टी वाजली तेव्हा लोक उभे राहिले, टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि काय करावं ते न कळून एकमेकांकडे बघत राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत वाफ दाटली होती. पोरं चिखलातच बाकांवर बसली होती. लोइकच्या भुवईतून रक्त ओघळत होतं आणि डॉक्टर मोनिक टाके घालत होत्या. तेवढ्यात दार उघडलं आणि सोलेन आत आली. तिला वाट द्यायला सगळे उठले. ओदील तिच्यामागे दारातच थांबली. सोलेननंच तिला बरोबर यायला सांगितलं होतं.

"बसा," सोलेन म्हणाली. "मी अभिनंदन करायला आलेली नाही. त्यानं केलं असतं, ते माहितीय मला."

ती स्वतः मात्र उभीच राहिली.

"सेर्झला तुरुंगात घातलंय. बरं झालं. गावात आता सगळे त्याच्यावर थुंकतायत. कालपर्यंत ओदीलवर थुंकत होते." तिनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मला एकच विचारायचंय. गेतां लपवत होता, हे मला सात वर्षांच्या संसारात कळलं नाही. या हंगामात तुमच्यातल्या कुणी कुणी डोक्याला मार बसल्याचं लपवलं? हात वर करा. मी कुणाला नावं ठेवणार नाही. मला फक्त बघायचंय."

नळातून पाणी वाहत होतं. लोइकनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांची सुई हवेतच थांबली होती.

झुराबनं आधी हात वर केला. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखा.

मग लोइकनं. मग पलीकडच्या बाकावरच्या फिजीच्या पोरानं, मग त्याच्या शेजारच्यानं. वाफेत एकेक चिखलानं माखलेला हात वर येत गेला, आणि कुणीही तो खाली घेईना. ओदील मोजायला लागली होती. मग तिनं मोजणं सोडून दिलं.